त्र्याऐंशीचा डॉलर

रॉस्को टिलरी आमच्या कोलंबसच्या छावणीतला सार्जंट. तोंडाचा फाटका, हाताचा सढळ. अधिकारी व्हायला आलेल्या पोरांना तो चिखलात असा लोळवायचा की त्यांना आई आठवावी. पण त्यांच्या खांद्यावर पट्टी चढली की पहिला सलाम ठोकायला हाच पुढे. नव्या अधिकाऱ्यानं पहिल्या सलामाला चांदीचा डॉलर द्यायचा, ही आमच्या फौजेची रीत. पोरं आजोबांच्या पेटीतून, बँकेतून, कुठून कुठून जुने डॉलर पैदा करायची आणि रॉस्कोच्या हातावर ठेवायची.

त्यातूनच त्याला नाद लागला. निळ्या पुठ्ठ्याचा आल्बम आला, त्यात सालवार भोकं. नेवाडाच्या डोंगरातून चांदी कशी निघाली, पहिल्या महायुद्धात सरकारनं कोट्यवधी डॉलर कसे वितळवले, हे तो जेवता जेवता सांगत बसे. बायको ओडेसा म्हणायची, “त्या डॉलरवरच्या चांदीच्या बाईकडे बघतोस, तसं कधी माझ्याकडे बघितलंस का रे?” तो म्हणे, “ती मधे बोलत नाही ना.”

नाद म्हटला की त्याचे कायदेही आलेच. झिजकं नाणं भोकात ठेवायचं, आणि त्याच सालचं चकचकीत मिळालं की झिजकं देऊन टाकायचं. नाणेवाले याला सुधारणा म्हणतात. डोंबलाची सुधारणा! पण रॉस्कोला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही. अलाबामाच्या लीलंड पर्व्हिसनं दिलेला १८८३चा डॉलर पार गुळगुळीत झालेला. एल्मो न्हाव्यालाही हाच नाद होता. रॉस्कोनं तो डॉलर त्याला दिला, वर थोडे पैसे घातले आणि त्याच सालचा कोरा करकरीत घेतला.

लीलंड व्हिएतनामला गेला, आणि पुढच्या उन्हाळ्यात शवपेटीतून परत आला.

मग एके दिवशी त्याची आई, आयोन पर्व्हिस, बसनं कोलंबसला आली. ओडेसानं पुढे ठेवलेल्या बर्फाच्या चहाला तिनं हातही लावला नाही. तिला फक्त पोराचा तो डॉलर हवा होता. तिच्या वडिलांपासून घरातल्या प्रत्येक लेकरानं दात येताना तो चघळलेला. शिवशिवणारी हिरडी त्या डॉलरच्या कडेवर घासत लीलंड तासन् तास गप्प बसायचा म्हणे.

रॉस्कोनं आल्बममधला त्र्याऐंशीचा चकचकीत डॉलर काढला आणि तिच्या हातावर ठेवला. एवढा मोठा गडी, पण खरं सांगायची छाती झाली नाही. आयोनबाईनं त्याच्या खरबरीत कडेवरून अंगठा फिरवला. परत एकदा फिरवला.

“हा त्याचा नाही, सार्जंट.”

“नाही, मॅम. तो मी देऊन टाकला. त्याच सालचा, पण चांगला मिळत होता म्हणून.”

“चांगला?” ती म्हणाली. “माझ्या पोरानं दिलेल्यापेक्षा?”

डॉलर टेबलावर ठेवून ती निघून गेली. लाजेनं त्या माणसाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

एल्मोनं तो डॉलर केव्हाच एका फिरत्या व्यापाऱ्याला विकला होता. मग रॉस्कोनं शोध आरंभला. जिथे नाण्यांचा बाजार भरेल तिथे जायचं आणि लोक ढुंकून बघत नाहीत ती झिजक्यांची खोकी उपसायची. दर शरदात गाडी काढून आयोनबाईकडे जायचं आणि “नाही सापडला” म्हणून सांगायचं. पहिल्या वर्षी तिनं त्याला दारातूनच वाटेला लावलं. पुढे आत घेऊ लागली, कॉफी देऊ लागली, मक्याची भाकरी वाढू लागली. कवायतीत लीलंडचा पाय कसा चुकायचा हे रॉस्को सांगे, आणि ती डोळे पुसत हसे.

एकोणीसशे ऐंशी साली चांदीचा भाव आभाळाला भिडला. व्यापाऱ्यांनी मोटेलच्या खोल्यांत तराजू मांडले. लोक पिशव्या भरभरून डॉलर आणत, आणि झिजके डॉलर सगळ्यात आधी भट्टीत जात. रॉस्को पिशवी न् पिशवी बघू द्या म्हणून गयावया करू लागला, तसा एक व्यापारी म्हणाला, “काका, ट्रकच्या ट्रक वितळले. आता कसला शोधताय?” रॉस्को तिथेच पायरीवर बसला.

त्या शरदात तो आयोनबाईकडे गेला तो खरं सांगायचं ठरवूनच. या बाईशी आता पुन्हा खोटेपणा नाही. म्हातारीला नीट दिसत नव्हतं, तरी तिनं चाचपत कॉफी ओतली.

“मॅम, त्या डॉलरचं सांगायचं होतं…”

“नाही सापडला ना? शोधा सावकाश. माझ्यासमोर लीलंडचं नाव काढणारं आता दुसरं कुणी उरलं नाही, सार्जंट. तुमचं शोधणं संपलं, तर कशाला याल तुम्ही इकडे?”

रॉस्कोनं कॉफीचा कप उचलला.

“शोधतोय, मॅम,” तो म्हणाला. “पुढल्या वर्षी येतो.”