कळण्याचं पीठ

शिंदखेड्याच्या संघमित्राला एक वाईट खोड आहे. ती खरं बोलते, आणि नुसतं बोलत नाही, समजावून सांगते. तिला कुणी सहज विचारलं, "बाजरी गरम असते का हो?" तर ती बाजरीतल्या लोहापासून सुरू करते आणि विचारणाऱ्याची बस निघून जाते. अन्नशास्त्राची पदवी घेतलेली ही बाई तीन वर्षांपासून गावोगावच्या शेतकरी बायकांना एकच गोष्ट सांगत फिरते आहे. आपल्या वावरात पिकतं ते पोत्यानं विकू नका, त्याचं काहीतरी पौष्टिक करून विका.

तिचं म्हणणं सोळा आणे बरोबर होतं. फक्त 'काहीतरी' काय करायचं, तिथे गाडी अडायची. पहिल्या वर्षी अकरा जणींचा गट जमवून केळीच्या पिठाची बिस्किटं केली. ती इतकी पौष्टिक झाली की दाताने तुटेनात. चक्कीवाल्या पितांबर नानांनी दोन बिस्किटं नेली आणि चक्कीच्या हलणाऱ्या पायाखाली सरकवली. आजवर पाय हलला नाही, असं ते सगळ्यांना कौतुकाने सांगतात. दुसऱ्या वर्षी भगरीचे लाडू केले. ते पाकिटातच विरघळले आणि लोकांनी पिठलं म्हणून परत आणून दिले.

तिसऱ्या वर्षी गटाच्या प्रमुख लिलाबाई कमरेला पदर खोचून उभ्या राहिल्या. साठीच्या लिलाबाईंपुढे गावचा सरपंचही हळू बोलतो.

"ताई, आते मी सांगसू ते करानं. कयना करूत. यंदा बी पाकिटं परत उनात ते गट बंद. मी मन्हा वावरमा जासू."

लिलाबाईंचा कयना म्हणजेच कळणा, ज्वारी आणि सालीसकट उडीद एकत्र दळलेलं पीठ. त्याची भाकरी, वर तेल, शेजारी ठेचा. खानदेशात हे कुणाला सांगावं लागत नाही, आणि घोळ नेमका तिथेच झाला. पाकिटावर ठसठशीत अक्षरांत छापलं, 'कळण्याचे पीठ'. खाली 'लहानथोरांसाठी उत्तम'. अकरा बायकांनी ते वाचलं, नानांनी वाचलं, खुद्द संघमित्राने तीनदा तपासलं. कुणालाच त्यात वावगं दिसलं नाही.

धुळ्याच्या धान्य महोत्सवात त्यांना टेबल मिळालं ते सरकारी क्वार्टर्सच्या बाजूला. तिथे राहणारी मंडळी बदलीवर आलेली, कुणी कोल्हापूरचं, कुणी साताऱ्याचं. सकाळभर एकही पाकीट हललं नाही. संघमित्रा तोंड पाडून चहाला गेली. तेवढ्यात क्वार्टर्समधल्या एक बाई आल्या, पाकीट उलटसुलट करून पाहिलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "याने खरंच कळतं?"

चवीबद्दल विचारताहेत, असं लिलाबाईंना वाटलं. "ते काय इचारनं शे का? तुम्हना पोऱ्याले खाऊ द्या. पहिला घासमाच कयस!"

त्या बाईंचा मुलगा दहावीत होता आणि गणितात त्याच्या आईवडिलांचा जीव टांगणीला लागला होता. बाईंनी चार पाकिटं उचलली, आणि जाता जाता फोन लावला.

संघमित्रा परतली तर टेबलापुढे रांग! तिच्या अख्ख्या कारकिर्दीतली पहिली रांग. आनंदाने तिचा ऊर भरून आला. शेवटी लोकांना प्रथिनांचं महत्त्व पटलं, असं वाटून ती भाषणच सुरू करणार होती.

"ताई, बोलू नको, पिशव्या दे!" लिलाबाई ओरडल्या.

पिशवी देता देता तिच्या कानावर आलं, "परीक्षेच्या किती दिवस आधी सुरू करायचं?" मग मागून दुसरं, "इंग्रजीलाही चालतं ना?"

संघमित्राने पाकिटावरची अक्षरं चौथ्यांदा वाचली, आणि घोळ तिच्या लक्षात आला. चाळीसच पाकिटं उरली होती. अर्ध्या तासात ती संपली असती, गट वाचला असता. अकरा बायका तीन वर्षांत पहिल्यांदा एकमेकींना टाळ्या देत होत्या. तिने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा रांगेकडे पाहिलं, आणि तिची ती खोड उसळलीच. ती स्टुलावर चढली.

"ऐका हो! कळणा म्हणजे ज्वारी आणि उडीद! भाकरी चांगली होते, पण याने कुणाला काहीही कळत नाही!"

रांग जागच्या जागी विरली. दोघी पैसे परत घेऊन गेल्या. लिलाबाई कपाळाला हात लावून मट्कन बसल्या. "तुले कोनी इचारं व्हतं का वं?" बाकीच्यांनी पोती आवरायला घेतली. संघमित्राला वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं.

एक गृहस्थ मात्र हलले नाहीत. ते लातूरकडून येऊन धुळ्यात शिकवणी चालवणारे जीवराम सर. ते घाम पुसत पुढे आले.

"याने कळत नाही, हे नक्की ना?"

"नक्की. शंभर टक्के," संघमित्रा रडवेल्या आवाजात म्हणाली.

"वाचलो! अहो, पिठानेच कळायला लागलं तर माझा क्लास कोण लावणार?" त्यांनी टेबलावर चवीला ठेवलेल्या भाकरीचा तुकडा मोडून खाल्ला, मग आख्खी भाकरी खाल्ली, मग ठेचा मागितला. "माझ्या वसतिगृहात नव्वद पोरं आहेत. सकाळी पोहे खातात आणि अकराला पेंगतात. या भाकरीने पोट भरलेलं राहतं का?"

"दुपारपर्यंत राहतं," संघमित्रा म्हणाली. दमली होती म्हणून एवढंच म्हणाली.

"मग दर आठवड्याला पीठ पाठवा. ही उरलेली सगळी पाकिटं आत्ताच देऊन टाका."

सर गेले. लिलाबाईंनी पोतं झटकून त्याची घडी केली.

"बठ्ठ्याजनी सोमवारे चक्कीवर या. नव्वद पोऱ्यांनं दयन शे."

संघमित्राला हुंदका आवरेना. ती भर महोत्सवात, रिकाम्या टेबलावर डोकं टेकून रडू लागली. शेजारून जाणाऱ्या एक बाई थांबल्या आणि मायेने तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "रडू नका हो. इथे एक पीठ मिळतं म्हणे, खाल्लं की सगळं कळायला लागतं."

संघमित्राने मान वर केली, तोंड उघडलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा काहीच समजावून न सांगता नुसती मान हलवली.