लाईनीतला बिघाड

लोणावळ्यात आमच्या गल्लीत नेट कुठल्याही कंपनीचं असो, जोडायला वडिवळ्याचा तोच माणूस येतो. बोलतो कमी, आणि बोललाच तर वायरीशी. "चल की गं, किती येळा सांगू?" जोडून झालं की तो बातम्या, सिनेमे काही लावून बघत नाही. गावाकडच्या एका शाळेची वेबसाइट उघडतो. तिच्यावर खो-खोच्या संघाचा फोटो आहे, आणि त्यात ढाल धरून उभी असलेली त्याची लेक. ती जुन्या हायवेवरच्या अपघातात गेली, हे इथं सगळ्यांना ठाऊक आहे. फोटो दिसला की तो म्हणतो, "झालं. लाईन चालू."

मी कंपनी बदलली तेव्हा सगळं उघडलं, तेवढी वेबसाइट सोडून. त्याने राऊटर बंद-चालू केला, सेटिंग पुसून पुन्हा भरली, वायरीचं टोक कापून नवं लावलं. स्क्रीन कोरीच.

साइट उघडली नाही तर आधी मोबाइलच्या नेटवर बघा, तिथंही नसेल तर साइटच बंद पडली समजा, हे मला त्यानेच शिकवलं होतं. म्हणून मी मोबाइल काढला. त्याने माझा हात धरला.

"नका बघू, भाऊ. बिघाड तुमच्या लाईनीतच हाय."

आता बाकीच्यांकडे तो क्रिकेटचा स्कोअर लावून बघतो. माझ्याकडे मात्र दर रविवारी येतो, शाळेचा पत्ता टाकतो आणि वायरीला शिव्या घालतो. मीही अजून मोबाइलवर बघितलेलं नाही.