डॉटला हरवणारी गाडी

ऑस्ट्रेलियातल्या पोर्ट पिरीच्या तंत्रमहाविद्यालयात ग्लेनिस ट्रेझाइजला अकरा वर्षांत कोणी हरवलं नव्हतं, आणि याचंच तिला वाईट वाटायचं. लोकांना गंमत वाटे. वाटू दे! जिला एकही विद्यार्थी मागे टाकत नाही, तिनं शिकवलं तरी काय, डोंबल?

एके काळी ग्लेनिस स्पीडवेवर, मोटारशर्यतींच्या मैदानावर, गाड्यांखाली आडवी होऊन नट आवळायची. आता ती पोरांना अभियांत्रिकी रचना शिकवत होती, तीही पडद्यावर पळणाऱ्या गाड्यांवर. कसं वळायचं, कधी ब्रेक मारायचा, सगळं आधी प्रोग्रॅममध्ये लिहायचं; शर्यत सुरू झाली की हात मागे. तिचा नियम एकच. आकडा लिहिलास तर वहीत शेजारी त्याचं कारण लिही. कारण नसेल तर सगळ्या वर्गाचे चहाचे मग विसळ.

तिची स्वतःचीही अशीच एक गाडी होती, आईच्या नावाची, 'डॉट'. दर नोव्हेंबरात वर्षाच्या शेवटच्या शर्यतीत डॉट उतरायची आणि जिंकायची. यंदा ग्लेनिस निवृत्त होणार होती. मुद्दाम हरणं तिच्या रक्तातच नव्हतं, तेव्हा खरोखर हरवणारं कोणीतरी हवं होतं, आणि ते याच शुक्रवारच्या शर्यतीत.

तिची सगळी भिस्त वर्गातल्या डार्सी पेन्हॉलवर होती. सरावाच्या ट्रॅकवर त्याची गाडी डॉटच्या चार सेकंद पुढे असायची. व्हूला हात्झिस मात्र गेल्या वर्षी नापास होऊन पुन्हा बसलेली, आणि तिची गाडी म्हणजे भाजी आणायला निघालेली आजीबाई.

"व्हूला, पळव की जरा तिला," डार्सी म्हणाला. "ती पोचेपर्यंत नाताळ येईल."

"तुझी पळते ना, तेवढं बास," व्हूला म्हणाली. "बघू कुठवर पळते ते."

शर्यतीचा ट्रॅक आधी कोणालाच माहीत नसे. उपाहारगृहातली नोरीन तो सगळ्यांसमोर कागदावर काढायची, पेन न उचलता; तोच मग पडद्यावर चढवायचे. गाड्यांतलं तिला ओ की ठो कळत नव्हतं, म्हणूनच हा मान तिचा. या वेळी शेवटी शेवटी तिनं एक वळण असं काढलं की ते आत आत आवळतच गेलं.

"अगं, हे वळण आहे की गोगलगाय?" ग्लेनिसनं विचारलं.

"माझ्या मटणाच्या पास्ट्या ओव्हनमध्ये आहेत," नोरीन म्हणाली. "दिलंय ते गोड मानून घे."

एकच फेरी होती. डार्सीची गाडी सुसाट सुटली आणि पहिल्याच वळणावर वाळूत गेली. सरावाचा ट्रॅक ती घोकून आली होती, दुसरं काय! ग्लेनिसची आशा मावळली. डॉट आरामात पुढे चालली होती. स्वतःच्या गाडीकडे एवढ्या रागानं तिनं कधी पाहिलं नव्हतं.

मग नोरीनचं वळण आलं. डॉटनं नेहमीसारखा वळणाआधी एकदाच ब्रेक मारला, आणि वळण आवळत गेलं तशी ती थेट ट्रॅकबाहेर गेली. मागून व्हूलाची आजीबाई आली. पुढे किती रस्ता दिसतोय ते दर क्षणी मोजत, वेग बेतत, ती वळणातून सुखरूप निघाली आणि रेषेपार गेली.

"हरले! अखेर हरले गं!" ग्लेनिस ओरडली. तिचे डोळे भरून आले होते आणि तिनं ते लपवलेही नाहीत.

व्हूला मात्र नाचली नाही. "डॉटची वही द्या ना," ती म्हणाली. पानं उलटता उलटता तिचं बोट एका जागी थांबलं. "ग्लेनिस, वळणाआधी बेचाळीस मीटरवर ब्रेक. कारणाचा रकाना कोरा आहे."

पहिल्या वर्षी, पहिल्या ट्रॅकसाठी ग्लेनिसनं तो आकडा अंदाजानं घातला होता. डॉट जिंकली, आणि पुन्हा कोणी विचारलं नाही, तिनं स्वतःही नाही.

"मोरी तिकडे आहे," डार्सी हळूच म्हणाला, आणि सगळे खो खो हसले.

ग्लेनिसनं बाह्या सरसावल्या आणि सतरा मग विसळले. व्हूला फडकं घेऊन आली तर तिला हाकलून दिलं. मग ओल्या हातानंच तिनं वही ओढली आणि अकरा वर्षं कोऱ्या राहिलेल्या रकान्यात लिहिलं: 'एकदा जिंकले होते.'

"हे काय कारण झालं?" व्हूला म्हणाली.

"नाही गं बाई," ग्लेनिस म्हणाली. "आण ते मग, पुन्हा विसळते."