फाळक्याला टेकलेली पाठ

सोलापूरच्या स्टँडवर उतरतानाच मी ठरवलं होतं, इथे कुणाच्या गोड बोलण्याला भुलायचं नाही. आमच्या जुन्या पिकअपवर नवी बॉडी चढवायला दिली होती, ती न्यायला मी फलटणहून आलो होतो. मागच्या वर्षी तिचा मागचा फाळका (माल भरायच्या हौद्याची उघडझाप करणारी फळी) चालत्या गाडीत निखळला आणि कांद्याच्या पोत्यांसकट माझा धाकटा भाऊ सदा रस्त्यावर पडला. पाय मोडला. आजही तो लंगडतो. गाडी मी चालवतो, म्हणजे मालासोबत मागे बसायचं ते पुन्हा त्यालाच.

बॉडी बांधणाऱ्याकडे पोचलो, तर गाडी ओळखूच येईना. हौदा हातभर लांब झालेला, फाळके तिन्ही बाजूंनी उघडणारे, स्टेपनी खाली टांगलेली, पुढे तिघं ऐसपैस बसतील अशी सीट. मला पहिला संशय आला तो चकचकीत रंगाचा. काही झाकायचं असलं की माणूस रंग जाड लावतो. मी बिजागऱ्या नखाने खरवडायला लागलो.

"खरवडा की," कारागीर शिवप्पा म्हणाला. "रंग जाईल, लोखंड न्हाय जायाचं."

हेही वाक्य मला पाठ केलेलं वाटलं.

त्याच्या आईने कडक भाकरी आणि शेंगाचटणी वाढली. चटणी झकास होती, पण एवढा पाहुणचार कशासाठी, हा किडा डोक्यातून जाईना. जेवणं झाल्यावर म्हातारी पदर खोचून हौद्यात चढली आणि मागच्या फाळक्याला पाठ टेकून बसली.

"ह्या कशाला?" मी विचारलं.

शिवप्पा म्हणाला, "गाडी द्यायच्या आदी आमच्या घरचं मानूस टेकून बसतंय. वळसंगपातूर जाऊन येऊ."

"कुंद्री (बसा)," शेजारची जागा थोपटत म्हातारी मला म्हणाली.

"मी पुढेच बरा."

वळसंगच्या रस्त्यावर शिवप्पाने एकही खड्डा चुकवला नाही. मी मागच्या काचेतून बघत होतो. म्हातारी उसळत होती, हसत होती. फाळका जागचा हलला नाही. तरी मनात आलंच, हिला सवय असेल, बेताने टेकली असेल.

गाडी घेऊन फलटणला घरी पोचलो. सदा काठी टेकत आला, फाळक्यावरून हात फिरवला. मी त्याला म्हातारीचं सगळं सांगितलं.

"आणि तू कुठं बसलावतास?"

"पुढं."

तो काठी हौद्यात ठेवून मागे चढायला लागला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतक्या लांब जाऊन मी सगळ्यांवर संशय घेतला, आणि माझी पाठ तेवढी जपून आणली.

गाडी चालवण्याइतका त्याचा पाय सुधारला होता. मी त्याला खाली उतरवलं, किल्ली हातात दिली आणि स्वतः मागे चढून फाळक्याला टेकलो.

"खड्डे चुकवू नकोस," मी म्हणालो.