माझ्या माहेरावर कौलं चढली

माझं माहेर दर वर्षी वैशाखात डोक्यावर गवताचे भारे घेऊन माझ्याच घरी यायचं.

हे वाचून तुम्ही म्हणाल, म्हातारीला भ्रम झालाय. झालाय थोडासा, पण या बाबतीत नाही! आईबाप मला आठवतसुद्धा नाहीत. मामाने वाढवलं, मामाने लग्न लावून जव्हारला धाडलं आणि 'सुटलो बुवा एकदाचा' म्हणून की काय, वर्षाच्या आत मामाही देवाघरी गेला. शेजारच्या सुना माहेरच्या गाडीत बसून निघाल्या की मी अंगणात उभी राहून गाडीमागची धूळ बघायची.

आमचं घर तेव्हा कारवीच्या कुडाचं आणि गवती छपराचं. पावसाळ्याआधी ते शाकारायला खालच्या दाभोशाच्या पाड्यावरून सहा माणसं चढण चढून यायची, अगदी सासऱ्यांच्या वेळेपासून. म्होरक्या लखमा, पायाच्या बोटांनी वासा पकडणारा शिडशिडीत म्हातारा, आणि त्याची बायको बुधी, जिचं तोंड आणि हात दोन्ही कधी थांबायचे नाहीत. पहिल्याच वर्षी बुधीने मला विचारलं, "बाय, तुजा माहेर कठं?"

"नाही गं मला माहेर."

"नाय कसा? मंग आमी कोण?" असं म्हणून तिने टोपलीतले आंबे माझ्या पदरात ओतले. त्या दिवशी मी चुलीपाशी बसून पोटभर रडले, आणि भात करपला तो वेगळाच.

तेव्हापासून वैशाख लागला की मी वाटेकडे डोळे लावायची. आता हे माहेर जेवायचं अंगणात, पळसाच्या पत्रावळीवर, आणि मी वाढायची वरून, हात लागणार नाही असं. काळच तसला होता. पण बुधी नाचणीचं पीठ आणायची, करवंदं आणायची, माझ्या पोराबाळांची दृष्ट काढायची, आणि 'वाळलीस गं' असं म्हणायची. असं म्हणणारं मला जगात दुसरं कुणी नव्हतं.

त्यांच्यातली एक रीत सांगते, कारण पुढे तीच मला सोडेना. शेवटची पेंढी आढ्याला बांधली की लखमा वरूनच हाळी द्यायचा, "बाय, घर झाकला!" मग घरच्या बाईने अंगणात यायचं, वर बघायचं आणि म्हणायचं, "झाकलं, बाबा!" त्याशिवाय गडी खाली उतरत नसे. एकदा दूध उतू जातंय म्हणून मी बाहेर आले नाही, तर हा भर उन्हात आढ्यावर बसून राहिला! शेवटी आमचे हे कचेरीतून आले आणि ओरडले, "अगं, तुझा बाप वर वाळत पडलाय, उतरव त्याला!"

आमचे हे गावच्या कमिटीत कारकून. अक्षर मोत्यासारखं, व्यवहार शून्य. एका उन्हाळ्यात बाजारातली गवती छपरं लागून एक आळीच्या आळी जळाली, आणि संस्थानच्या दरबारातून हुकूम निघाला, गावच्या हद्दीत यापुढे गवती छप्पर नको, सगळ्यांनी कौलं घालावीत. हुकूम लिहिला आमच्या ह्यांनी. दवंडी पिटली गेली ती ह्यांच्या मजकुराची. त्यामुळे घरी आले ते छाती फुगवूनच.

"आधी केले, मग सांगितले! जव्हारातलं पहिलं कौलारू घर आपलं!"

"अहो, पण कौलं जड. ह्या बांबूंवर टिकतील?"

"सागाचे वासे घालू की."

"ते कुठून आणणार?"

इथे ह्यांचा चेहरा जरा उतरला. कारण जंगलातला साग परवानगीशिवाय तोडायचा नाही, हा हुकूमही त्याच महिन्यात निघाला होता, आणि तोही ह्यांनीच लिहिला होता, त्याच मोत्यासारख्या अक्षरात!

ह्यांनी अर्ज केला. जंगलवाले म्हणाले, "आधी कौलं बसवल्याचा दाखला आणा, मग लाकूड देऊ." कमिटी म्हणाली, "आधी लाकूड आणल्याचं दाखवा, मग कौलांचा दाखला देऊ." महिनाभर आमचे हे या दोन कचेऱ्यांमधे दळणाच्या पाटीसारखे फिरले. शेवटी चिडले आणि खालून बैलगाडीने आणलेली कौलं (निम्मी घाटातच फुटलेली) सरळ जुन्या बांबूंवरच चढवली. गवत उतरवताना मी दारात उभी होते. काय वाटत होतं ते सांगणार कुणाला? आगीपासून घर वाचतंय आणि ही बया गवतासाठी रडतेय, असंच लोक म्हणाले असते.

"दाभोशाला निरोप धाडा हो, यंदा गवत आणू नका म्हणून. बिचारे ओझं घेऊन चढतील."

"धाडतो, धाडतो!" हे म्हणाले. साऱ्या गावाला हुकूम पोचवणारा हा माणूस तो एक निरोप तेवढा विसरला.

मग तो दिवस उजाडला. दरबारचे बडे साहेब पहिलं कौलारू घर पाहायला येणार होते. ओटी सारवली, रांगोळी घातली, ह्यांनी पागोटं बांधलं. आणि फाटकातून कोण आलं? डोक्यावर हे एवढाले भारे घेऊन माझं अख्खं माहेर!

लखमा छपराकडे बघतच राहिला. भारा डोक्यावरच. "बाय, यो काय झाला?"

मी बोलणार एवढ्यात हे किंचाळले, "गवत! अगं, साहेब आत्ता येतील आणि दारात गवत! आत न्या, आत!"

तेव्हा ह्यांनी आणि मी सहाच्या सहा भारे माझ्या माजघरात कोंबले आणि वर सतरंजी अंथरली. तेवढ्यात साहेब आलेच. ओटीवर बसले. वर बघून म्हणाले, "वा! नमुनेदार काम!"

हे लाजले. मी दाराआडून सरबत पुढे केलं. सगळं देवाच्या दयेने पार पडलं असतं, पण बुधीची आंब्यांची टोपली अंगणात होती आणि आमच्या फणसावर वानरं होती. गवती छपरावर वानर उडी मारतं तेव्हा 'फस्स' होतं आणि गोष्ट संपते. कौलांवर एक मोठा हुप्प्या येऊन पडला तेव्हा काय झालं ते मी कानांनी ऐकलं. 'खाड्!' मग बांबू बोलला. 'कर्र्र...'

"हा आवाज कसला?" साहेबांनी विचारलं.

"घर नवीन आहे साहेब. जरा अंग मोडतंय."

दुसरं वानर आलं. तिसरं आलं. सहकुटुंब आलं! एक कौल सुटलं ते थेट साहेबांच्या पेल्यात. साहेब उठले आणि जीव घेऊन पळाले ते बाहेर नाही, आत! माजघरातल्या सतरंजीवर बसले आणि कमरेपर्यंत खाली गेले.

"हे काय आहे?" साहेब आतून ओरडले.

"गादी, साहेब."

"मला टोचतंय!"

"जव्हारी कापूस, साहेब!"

बाहेर बुधी सूप बडवत वानरांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होती. आत तुळई वाकायला लागली होती, नेमकी साहेबांच्या डोक्यावर. ह्यांना काही सुचेना. आणि जन्मात ओटीच्या पायरीवर न चढलेला लखमा ताडताड आत आला, तुळईखाली गेला आणि खांदा देऊन उभा राहिला. मानेच्या शिरा तट्ट फुगल्या, पण हूं की चूं केलं नाही. आम्ही साहेबांना ओढून काढलं. अंगावरची कुसळं झटकत, माजघराच्या काळोखात लखमाच्या दंडाला धरून ते उभे राहिले आणि बाहेर पडता पडता म्हणाले, "खांब मात्र मजबूत घातलेत हं! दाखला देऊन टाका."

दाखला मिळाला. आम्ही हसलो हो! हे हसले, मी हसले, बुधी तर लोळली. लखमा तेवढा खांदा चोळत बसला होता.

मग बाकीच्यांनी टेकू दिले, तुळई सावरली. मी पत्रावळी मांडल्या. जेवणं उरकली. निघताना मी बुधीला म्हटलं, "पुढच्या वैशाखात या हं."

"कशाला येवा?"

"कशाला म्हणजे? मला भेटायला!"

बुधीने टोपली उचलली. "काम नाय तं आमी कसा येवा, बाय? बामणाच्या दारात आमी नुसता पावना म्हणून बसलू तं लोकां काय म्हणतील? तुला बोल लागंल."

मीही दाभोशाला जाऊ शकत नव्हते. कारकुनाची बायको पाड्यावर जाऊन राहिली असती तर सासरच्यांनी पुन्हा उंबरा ओलांडू दिला नसता. म्हणजे आमच्या नात्याला आधार होता तो त्या गवताचा. हुकुमात तसं काही लिहिलेलं नव्हतं. लखमा फाटकापाशी थांबला, छपराकडे एकदा बघितलं. मी वाट बघत होते, काही बोलेल म्हणून. तो म्हणाला, "जपून राहा, बाय." आणि सगळे चढण उतरून गेले. त्यांचं गवत माझ्या माजघरातच राहिलं.

पावसाळा आला. जव्हारचा पाऊस! फुटक्या कौलांतून घरात सोळा धारा. आम्ही इरली डोक्यावर घेऊन जेवायला बसायचो. हे इरल्याखालून म्हणायचे, "आग तर लागणार नाही ना? बघ!" ते खरंच होतं. त्या घरात चूलसुद्धा पेटत नव्हती. आणि खरं सांगू? मला आतून आनंद व्हायचा. जितकं गळेल तितकं बरं! गळून गळून एक दिवस हेच म्हणतील, बोलव लखमाला.

आणि म्हणाले! फाल्गुनात लाकडाची परवानगी काही येईना, पुढचा पाऊस तोंडावर. हे हळूच म्हणाले, "अगं, कौलांच्या खालून गवत लावलं तर? रस्त्यावरून कौलंच दिसतील. हुकूम मोडला असं कोण म्हणेल?"

मी त्याच दिवशी आठवडी बाजारात दाभोशाकडे जाणाऱ्या एका माणसाला गाठून निरोप धाडला. ह्यांच्यावर नाही सोडलं! तांदूळ निवडून ठेवले, बुधीसाठी लुगडं काढून ठेवलं.

बुधी आली. मागे तिचे दोन मुलगे, डोक्यावर भारे. मी फाटकापर्यंत धावले. "लखमाबाबा मागे राहिले वाटतं?"

बुधीने टोपली खाली ठेवली. "तापानं गेला, बाय. माघात." मग म्हणाली, "यो गवत त्यानंच कापून ठेवलेला. आमी बोललू, कुणाला रे? तं बोलला, बाय निरोप धाडील."

मी बुधीच्या गळ्यात पडले. शिवलं की विटाळलं, शेजारणींनी बघितलं की नाही, मला काही कळलं नाही. हे ओटीवर उभे होते. त्यांनी पागोटं काढून हातात धरलं.

पोरांनी खालून गवत लावलं. चांगलं लावलं. पण खालूनच लावलं, तेव्हा आढ्यावर चढणार कोण आणि हाळी देणार कोण? काम संपलं तशी पोरं हात झटकून बाहेर आली. मी अंगणात उभी राहून वर बघत होते. बुधी म्हणाली, "चल बाय, आत चल."

पुढे एकदाची परवानगी आली, सागाचे वासे आले, पक्की कौलं बसली. आज छपरातून थेंब गळत नाही. जव्हारात आता आगही लागत नाही. तो हुकूम चांगलाच होता, मी कुठे नाही म्हणते?

तरी वैशाखात एक दिवस मी अंगणात जाते, वर बघते आणि मोठ्याने म्हणते, "झाकलं, बाबा!" सून नातवंडांना आत ओढून घेते. हे कपाळाला हात लावतात. बाकी मी रीत पाळते ती चोख, पण आढ्यावर बसलेला असतो तो फणसावरचा हुप्प्या. तो माझ्याकडे बघतो, एक कौल खाली टाकतो, आणि मेला उतरत काही नाही!