भोईरसर न बोललेलं वाक्य

जे वाक्य भोईरसरांच्या नावाला कायमचं चिकटलं, ते त्यांनी कधी उच्चारलंच नव्हतं. ते मी लिहिलं होतं. ही गोष्ट मी बायकोला सांगितलेली नाही, आमच्या संपादकांना नाही, आणि ज्याच्याबरोबर अर्धं आयुष्य एकाच टपरीवर चहा प्यायलो त्या शिंदेलाही नाही. आता सर नाहीत. त्यामुळे खरं तर न सांगताही चाललं असतं... आणि हे ‘चाललं असतं’ मनात आलं, त्याच दिवशी मी हा लेख लिहायला बसलो.

ते गेल्याची बातमी शिंदेनेच दिली. तो दुसऱ्या पेपरात, पण आम्ही एकाच मैदानावर वाढलेले. मी मानपाड्याला स्कूटरच्या चाकात हवा भरून घेत उभा होतो. "अरविंद, टिटवाळ्याला भोईर गेले रे. सकाळी अंघोळीला गेले ते तिथेच... तू जवळचा होतास ना त्यांच्या? दोन ओळी टाक आपल्या ग्रुपवर, सगळेच पेपर घेतील." मी म्हटलं, टाकतो. हवावाल्याने विचारलं, "मागच्यात किती भरू?" मला आकडा आठवेना. घरी येऊन दोन ओळी टाकल्या. खाडीवीर फुटबॉल क्लबचे माजी मॅनेजर दिनकर भोईर यांचं निधन, त्यांच्या पश्चात पत्नी आहे, वगैरे. दुसऱ्या दिवशी पेपर उघडले तर शिंदेने माझ्या ओळींखाली स्वतःहून एक ओळ जोडलेली : ‘स्थानिक खेळाडूंबाबतच्या वादग्रस्त वक्तव्यामुळे ते चर्चेत आले होते.’ बाकीच्यांनी ती तशीच उचललेली. म्हणजे माणूस जळून गेला तरी माझं वाक्य काही जळालं नाही.

सरांची आणि माझी ओळख डोंबिवलीतल्या मैदानावरची. ते मानपाड्याच्या पलीकडच्या गावातले, तिथले मूळचे. आजोबा-पणजोबांची शेती, खाडीकडे मिठागर. तरुणपणी मोहन्याच्या कारखान्याच्या टीममधून ते बचावफळीत खेळायचे, कारखाना बंद पडल्यावर पोरांना शिकवायला लागले. खाडीवीर सुरू झाला तेव्हा मॅनेजर म्हणून दुसऱ्या कोणाचं नावच पुढे आलं नाही. मी पहिल्यांदा प्रतिक्रिया घ्यायला गेलेलो तेव्हा त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं, नजर पोटावर आणून ठेवली आणि म्हणाले, "काय रं पत्रकार, आधी मैदानाला एक चक्कर मार. मंग इचार काय इचारायचं त्ये." मला वाटलं गंमत करतायत. पण ते घड्याळ बघत उभे राहिले. मी खरंच धावलो. धापा टाकत परत आलो तर त्यांनी पाण्याची बाटली पुढे केली. "आता तुला कळंल, सत्तराव्या मिनिटाला पोऱ्या पास का चुकतो."

ही त्यांची पद्धतच होती. नवीन वार्ताहर आला की एक चक्कर. आम्ही तरुण होतो तोवर सगळ्यांना ती आवडायची, आम्ही ती इतरांना रंगवून सांगायचो. मग आमची वयं वाढली, नावापुढे ‘वरिष्ठ’ लागलं, आणि तीच चक्कर अपमान वाटायला लागली. शिंदे तर एकदा सरळ म्हणाला, "सर, मी काय तुमच्या टीममध्ये नाय." सर हसून म्हणाले, "घेणार पण नाय." सगळे हसले, शिंदे नाही हसला. नंतर सरांनी सामन्याच्या आदल्या दिवशी संघ सांगणं बंद केलं. आम्ही नावं छापतो, मग ज्याचं नाव नाही त्याचे काका-मामा रात्रभर फोन करतात, असं त्यांचं म्हणणं. आम्हाला वाटलं, हे आमची जागा दाखवतायत. मग आमच्या बातम्यांत ‘हेकेखोर मॅनेजर’, ‘मनमानी’ असे शब्द यायला लागले. ते वाचून सर आणखी तुटक वागायला लागले, आणि त्यांचा तुटकपणा ही आमची पुढची बातमी झाली.

माझ्याशी मात्र त्यांनी घरचं नातं ठेवलेलं. मुलाच्या बारशाला आलेले, आमच्या हॉलमध्ये मांडी घालून जेवले. त्या दिवशी रंगात येऊन म्हणाले, "माझ्या बापानं जमीन विकली ना अरविंदा, त्या दिवसापासून आमच्या घरातला कोन बस पकडायला पन धावला नाय!" स्वतःवरचा विनोद होता. आम्ही सगळे पोट धरून हसलो. माझी आई त्यांना आणखी एक पुरणपोळी वाढत होती.

आता ज्या पद्धतीमुळे पुढचं घडलं, ती सांगायला हवी. आम्ही पाच स्थानिक पेपरांचे पाच जण. सरावाच्या दिवशी पाचांनी मैदानावर जायचं कशाला, म्हणून पाळी लावलेली. एकाने जायचं, मॅनेजरशी बोलायचं आणि मजकूर ग्रुपवर टाकायचा. तो बाकीच्यांनी आपापल्या नावाने लावायचा. कोणी कोणाला ‘हे नक्की म्हणाले का’ असं विचारायचं नाही. तसं विचारणं म्हणजे अविश्वास दाखवणं. वाचणाऱ्याला मात्र पाच पेपरांत एकच वाक्य दिसायचं, आणि पाच जणांनी ऐकलं म्हणजे खरंच असणार, असं त्याला वाटायचं. वर्षानुवर्षं हे सुरळीत चाललेलं.

ठाण्याच्या संघाबरोबरच्या सामन्याआधी सरांनी त्यांच्याच गावच्या तिघांना वगळलं. सरावाला येत नाहीत, एवढंच कारण. सामना हरलो. महापालिकेच्या निवडणुकीची हवा होती, क्लबचे अध्यक्ष तिकिटासाठी धडपडत होते, आणि आपल्याच गावच्या पोरांना बाहेर बसवलं म्हणून गावात कुजबुज सुरू झालेली. सरांचं म्हणणं काय, हे सगळ्या पेपरांना हवं होतं. पाळी माझी होती. मी संध्याकाळी मैदानावर गेलो तर सर नव्हते. ग्राउंडवाला म्हणाला, मोहन्याला गेलेत, त्यांच्या जुन्या टीममधलं कोणीतरी वारलं. फोन बंद. ग्रुपवर शिंदेचे मेसेज येत होते : ‘काय झालं? पान छपाईला सोडायचंय.’ घाई होती हे खरंच. पण फक्त घाई होती असं म्हटलं तर आजही खोटं होईल. रागही होता. आदल्याच आठवड्यात सरांनी सगळ्यांसमोर माझी बातमी वाचून दाखवलेली, त्यात मी गोल चुकीच्या खेळाडूच्या नावावर टाकलेला. "अरविंदा, मॅच बघाला आलेलास का वडापाव खायला?" सगळे हसले होते. ते हसणं माझ्या कानात होतं. मैदानाच्या कट्ट्यावर बसून मी लिहिलं : ‘आमच्या गावच्या पोरांच्या घरात जमिनीचा पैसा आलाय, आता ती धावणार कशाला?’ असा सवाल भोईर यांनी केला.

बारशातला विनोद होता तो. फक्त ‘आमच्या घरातला’ होतं, तिथे मी गाव घातलं.

सकाळी पाचही पेपरांत ते वाक्य होतं. तीन पेपरांत मथळ्यातच. दुपारपर्यंत सरांच्या फोटोवर ते छापून मोबाइलवर फिरायला लागलं. संध्याकाळी चौकात फलक लागला, गावाची बदनामी करणाऱ्याचा जाहीर निषेध, खाली बऱ्याच जणांचे हात जोडलेले फोटो. मी स्कूटरवरून त्या फलकाखालून गेलो. माझंच वाक्य माझ्या डोक्यावर एवढ्या मोठ्या अक्षरांत... आणि फलकापाशी पोरं बाइक लावून नुसती उभी होती. घोषणा नाही, आरडाओरडा नाही. सरांच्या घराकडे जाणाऱ्या रस्त्याकडे तोंड करून उभी होती.

तिसऱ्या दिवशी सरांनी आम्हा पाचही जणांना मैदानावर बोलावलं. त्यांचा चेहरा उतरला होता, पण आवाज शांत होता. "मी कोनाला बोललो? तेवढंच सांगा. मी त्या दिवशी मैदानावर पन नव्हतो." शिंदेने माझ्याकडे बघितलं. त्याच्या बघण्यात संशय नव्हता, तू आता सांगून टाक, एवढंच होतं. आणि मी सांगितलं. म्हटलं, "सर, तुम्ही फोनवर बोललात माझ्याशी. गडबडीत होतात, आठवत नसेल."

सरांनी खिशातून फोन काढला. अंगठ्याने वर-खाली केलं. त्या दिवसाचे सगळे फोन त्यात होते आणि त्यात माझा एकही उचललेला फोन नव्हता, हे त्यांना दिसलं. दिसलेलं मला कळलं, कारण अंगठा थांबला. मी वाट बघत होतो. ते फोन शिंदेसमोर धरतील आणि माझं सगळं संपेल, असं वाटत होतं. त्यांनी फोन परत खिशात टाकला. म्हणाले, "बरं. तसं असंल." आणि पाठ वळवून गोलपोस्टकडे चालायला लागले. त्यानंतर त्यांनी कुठल्याही पत्रकाराशी एक शब्द बोलायचा नाही असं ठरवलं, आणि आम्ही त्याचीही बातमी केली : ‘माध्यमांवर बंदी’.

पुढचं सगळं हळूहळू झालं, म्हणून जास्त भीतीदायक. कोणी त्यांच्यावर हात टाकला नाही. क्लबने ‘वैयक्तिक कारणास्तव’ राजीनामा घेतला. घराच्या दारावर कोणीतरी काळं ऑइल ओतून गेलं. किराणावाला बोलेनासा झाला. गावची हळद-लग्नं दारावरून वाजत जायची, आमंत्रण यायचं नाही. सख्खा भाऊ बाळाराम दारात येऊन सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "आमचा पैसा तुझे डोल्यांत खुपला? आता या गावान परत पाय नको टाकू." सर त्यालाही एवढंच म्हणाले, "मी बोललो नाय, बाला." बाळारामने विचारलं, "मंग पाच पेपरवाले खोटे?" त्याचं उत्तर सरांकडे होतं, पण त्यांनी दिलं नाही. त्याच वर्षी सर आणि वहिनी टिटवाळ्याला नव्या बिल्डिंगमध्ये राहायला गेले. मी मुख्य उपसंपादक झालो.

तेराव्यानंतर मी टिटवाळ्याला गेलो. वहिनींनी दार उघडलं, ओळखलं, आत बोलावलं. चहा केला. मी विचारलं, गावाकडून कोण कोण आलेलं? त्या म्हणाल्या, "कोणी नाय. बाळारामभावजींना मी स्वतः फोन केला. खांदा तरी द्या म्हटलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि ठेवून दिला." मग कपाकडे बघत म्हणाल्या, "अरविंदभाऊ, मला माहीत होतं. त्याच संध्याकाळी सांगितलेलं त्यांनी. मी भांडले त्यांच्याशी, फोन दाखवला का नाय म्हणून. तर म्हणाले, दाखवला असता तर तो उभ्या उभ्या संपला असता गं, पोरगं लहान आहे त्याचं. आणि म्हणाले, तो येईल बघ स्वतःहून. चांगला पोरगा आहे."

खिडकीशी सरांची खुर्ची होती, शेजारी स्टुलावर पेपरांची चळत. पाचही स्थानिक पेपर, आजचे. वहिनींनी पेपरवाल्याला अजून बंद कर म्हणून सांगितलेलं नव्हतं. "रोज पाचही घ्यायचे," त्या म्हणाल्या. "खेळाचं पान नाय बघायचे हां. आतलं पान उघडायचे, खाली कोपऱ्यात तुमचा तो खुलासा छापतात ना, चौकोनात, तो बघायचे. मग घडी घालून ठेवायचे. मी म्हणायचे, आता कसला येतोय? ते म्हणायचे, बघायला काय जातंय." गेले त्या सकाळीही बघून झालेलं होतं. मगच ते अंघोळीला उठले.

शिंदे, तू हे वाचशील तेव्हा ग्रुपवर काय लिहायचं ते लिही. मी तुला आणि बाकी तिघांनाही फसवलं. तुमच्या नावांवर माझं खोटं छापून आलं. संपादकांकडे मी खुलासा दिलाय. ते म्हणाले, इतक्या वर्षांनी कशाला, आणि आता कोणाला आठवतंय? पण छापतील, कोपऱ्यात, चौकोनात.

पण तेवढ्याने भागत नाही हे मला माहीत आहे. सरांच्या गावात हा लेख कोणी वाचणार नाही. पाच पेपरांत आलंय हे तिथे सगळ्यांनी नुसतं ऐकलेलं, वाक्य पेपरातून पोचलंच नव्हतं, ते फलकावरून आणि तोंडातून पोचलेलं. मी दोनदा त्या रस्त्याला लागलो आणि दोनदा नाक्यावरून स्कूटर वळवली. मला भीती वाटते. बाळाराम काय करेल याची वाटतेच, पण तो ऐकून घेईल आणि मग त्याला आपल्या भावाला न दिलेला खांदा आठवेल, याची जास्त वाटते.

मी अजून बाळाराम भोईरांच्या दारात जाऊन, चार माणसांसमोर, ते वाक्य माझं होतं असं सांगितलेलं नाही. ते मी सरांचं देणं लागतो.