बंडी, म्हणजे जीप

त्या उन्हाळ्यात आमच्या घरात दोघांनाही एका जागी बसवत नव्हतं. मी तहान नसताना उठून माठातलं पाणी प्यायची. गुरुजी, म्हणजे माझे मालक, दारात जाऊन आभाळ पाहायचे. मे महिन्यात अहेरीकडच्या जंगलात आभाळात पाहण्यासारखं काय असतं, ते त्यांनाच ठाऊक. आमच्या तगमगीचं कारण एकच होतं, पण त्याला आम्ही दोन नावं ठेवली होती. ते म्हणत, जीप घ्यायची की नाही. मी म्हणे, बदली घ्यायची की नाही.

आम्ही दोघंही त्या गावच्या शाळेत शिकवत होतो. जिल्हा नुकताच चंद्रपुरातून वेगळा झालेला, गडचिरोलीला अजून कुणी जिल्हा म्हणत नव्हतं. माझी बदली चंद्रपूरजवळच्या एका शाळेवर मंजूर झाली होती. शाळा सुरू व्हायच्या आत हजर झाले तर झाले, नाही तर ती जागा दुसऱ्याची. गुरुजींना मात्र गाव सोडायचं नव्हतं. ते गोंडी शिकले होते, पोरांच्या बापांशी गोंडीतून थट्टा करायचे, आणि मला न कळणाऱ्या विनोदांवर सगळं गाव हसायचं.

मी सगळ्यांना सांगे, "पोरीच्या शिक्षणासाठी जायचं आहे." पोरगी पाच वर्षांची, तिला स्वतःचा शेंबूड पुसता येत नव्हता. तिचं कोणतं शिक्षण अडलं होतं? अडलं होतं माझं. मला नळाचं पाणी पाहिजे होतं, वाचनालय पाहिजे होतं, आणि खरं सांगायचं तर टॉकीजमध्ये बसून शेंगदाणे खायचे होते. पण बाई म्हणून गावानं जिला मान द्यायचा, तिनं हे तोंडानं म्हणावं कसं?

गुरुजींनी त्यावर उपाय शोधला. तेंदूपत्त्याचा हंगाम उरकत आला होता आणि सिरोंच्याकडचा एक ठेकेदार आपली जुनी जीप विकायला निघाला होता.

"गाडी घरी असली म्हणजे चंद्रपूर का दूर आहे?" गुरुजी म्हणाले. "मनात आलं का निघालो. दीक्षाभूमीवर जा, चिमूरले माहेरी जा, टॉकीजले जा. मंग बदली काऊन पाहिजे?"

टॉकीजचं यांना कसं कळलं, याच विचारात माझे दोन दिवस गेले.

मग जीप आली. शाळेच्या आवारात मोहाच्या झाडाखाली उभी राहिली. कधी काळी हिरवी असावी. आत तेंदूच्या पानांचा वास आणि मागच्या बाकावर बोट घालावं एवढी भोकं. ठेकेदार एकाच वाक्यात तेलुगू, हिंदी आणि मराठी बोले.

"बंडी एकदम झकास है, अम्मा!"

मला सत्ताविसावं लागलेलं. त्याचं पोट सुटलेलं, टकलावर ऊन चमकत होतं, आणि मी त्याची अम्मा! जीप मी तिथंच नापास करायला हवी होती. पण तेवढ्यात त्याचा तो शब्द मला आवडला. त्यांच्या तेलुगूत चाकावर जे काही चालतं ते सगळं बंडी. आमच्या झाडीपट्टीत बंडी म्हणजे बैलबंडी. पुण्याकडचे लोक तर बंडी अंगात घालतात म्हणे.

गुरुजींनी बॉनेट उघडलं आणि हात मागे बांधून आत पाहत उभे राहिले, पोराच्या वहीत पाहावं तसे. त्यांना इंजिनातलं काही कळत नव्हतं, हे इंजिनालाही कळलं असेल. मी मात्र जाणकार बाई! टायरला लाथ मारून बघायची असते हे मी कुठंतरी पाहिलेलं. मारली. टायरला काही झालं नाही. माझ्या अंगठ्याचं नख मात्र उखडलं, आणि मी "टायर ठीक आहे" असं म्हणत लंगडत पुढच्या सीटवर जाऊन बसले.

नाल्यापर्यंत एक फेरी मारली. आता हसू येतं, पण त्या फेरीत मी पदर वाऱ्यावर सोडून बसले होते आणि वाटेत भेटेल त्याच्याकडे मान हलवून पाहत होते, जणू काही उद्घाटनाला निघाले आहे. वारा गरम होता, डोळ्यांत धूळ जात होती, तरी वाटलं ही अशीच चालत राहावी, नाला ओलांडून, अल्लापल्ली मागे टाकून, थेट. कुठं थेट, ते मनातही पूर्ण म्हणवेना. नाला कोरडा ठणठणीत होता. आमचं गाव पावसाळ्यात याच नाल्यानं तुटायचं.

गुरुजींनी मोठ्या आशेनं विचारलं, "पाण्यातून निघते ना ही?"

"पानी में?" ठेकेदार हसला. "नाला भरा तो बंडी क्या, हाथी भी नै जाता, मास्तर."

"पावसाळा म्हणजे चारच महिने," गुरुजी माझ्याकडे न पाहता म्हणाले.

"सोचो. बाजार के दिन आता मैं," ठेकेदार म्हणाला आणि आम्हाला उतरवून जीप घेऊन गेला.

गुरुजींनी बजावलं होतं, सौदा होईपर्यंत गावात जीपचं नाव काढायचं नाही. काढलं की रोज दारात रांग लागेल, कुणाला दवाखान्यात जायचं, कुणाला लग्नाला. मी म्हटलं ठीक. पण माझ्या पोटात काही राहत नसे. दुसऱ्याच सकाळी हापशीवर शेजारची बुढी भेटली. मी अक्कल चालवली. जीप म्हणायची नाही ना, मग ठेकेदाराचा शब्द आहेच की!

"आम्ही बंडी पाहून राह्यलो," मी म्हणाले, आणि कसं गुपित राखलं म्हणून स्वतःवरच खूश झाले. ज्या गावात दर घरी बंडी उभी, तिथं मी बंडी हा गुप्त शब्द म्हणून वापरला. आणि ही बाई पोरांना भाषा शिकवत होती!

बुढीच्या हातून पाण्याचा गुंड सुटायचाच राहिला. "खरंच वो बाई?"

"खरंच. पण कोणाले सांगू नको."

दुपार व्हायच्या आत सगळ्या गावाला कळलं. ऊन उतरताना बुढा, म्हणजे तिचा नवरा, दोन बैल घेऊन आमच्या अंगणात हजर. मागे बुढी, आणि तिच्या मागे अर्धं गाव. बैलांची शिंगं तेल लावून चकचकीत केलेली.

"हे का?" गुरुजी म्हणाले.

"बैलं," बुढा म्हणाला. गुरुजींना बैल ओळखू येत नाहीत याचं त्याला नवल वाटलं असावं. "बंडी घेता तं बैलं नाई लागत का? जोडी गरीब आहे. पैशाचं मंग पाहू."

बुढी पुढं आली आणि माझा हात धरला. "गुरुजींले माहं नाल्याकडचं वावर देतो. अर्ध्या पिकावर करा. मले माहीत होतं, बाई जात नाई म्हणून. हे सारे म्हणे, शहरातली आहे, जाईन. मी म्हटलं, बंडी घेऊन राह्यली थे, जाईन कशाले?"

माझ्या तोंडात खोटं आलं. पण गुरुजींना खोटं जमत नसे. त्यांनी सांगून टाकलं, "बैलबंडी नाई वो माय. जीप. त्या तेंदूवाल्याची."

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. बुढीनं माझा हात सोडला.

"जीप?" ती म्हणाली. "मंग तं गेलीच तू."

"गेली कशी? जीप इथंच राहीन, आम्हीही इथंच राहू," गुरुजी म्हणाले.

"जीप घेऊन कोणी इथी राह्यते का, गुरुजी?" तिनं साधेपणानं विचारलं. बुढ्यानं बैल वळवले. लोकही पांगले. अंगणात शेणाचा एक पो तेवढा राहिला.

त्यानंतर आमच्या घरातली येरझार वाढली, फक्त बाजू उलटल्या. आता गुरुजी जीपमध्ये खोड काढत. हूड फाटलेलं आहे, डिझेल खूप पिते, सुटे भाग मिळत नाहीत. आणि मी, जिला जीप नको होती, ती जीपच्या बाजूनं भांडत होते. "हूड शिवता येते." "तुमच्या सायकलचे तरी सुटे भाग मिळतात का?" भाजी करपली. पोरगी म्हणाली, आई भांडून राह्यली, आणि आम्ही दोघांनी एकदमच तिला दटावलं. टायर, हूड, डिझेल, सगळं बोलून झालं. जायचं की राहायचं, हे मात्र दोघांपैकी कुणीच काढत नव्हतं.

बाजाराच्या दिवशी ठेकेदार आला. जीप बंदही केली नाही, घुरघुरतच ठेवली.

"तो अम्मा, बंडी लेना है?"

गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं. मी हूडबद्दल बोलायला तोंड उघडलं आणि भलतंच निघालं.

"जीप नको, भाऊ. मी बदलीवर जाऊन राह्यली. बसनं जाईन."

"नको तो नको. दूसरा गिराक है," म्हणत तो निघून गेला. माझ्या एवढ्या मोठ्या वाक्यातलं त्याच्या कामाचं तेवढंच होतं.

धूळ खाली बसेपर्यंत आम्ही दोघं ओट्यावर उभे होतो. मला गप्प राहणं कधीच जमलेलं नाही.

"राग आला?"

"नाई."

"मंग बोला न काही."

"मले इथून निघवत नाई," ते म्हणाले.

"अन् मले इथं राहवत नाई."

हे दोघांनाही ठाऊक होतं. तरी ते मोठ्यानं बोलायला आम्हाला आख्खी जीप लागली. गुरुजींनी चष्मा काढला, सदऱ्यानं पुसला, परत घातला.

"कधी निघायचं?" त्यांनी विचारलं.

निघायचं. निघशील नव्हे. मी दिवसभर पोरांची क्रियापदं सुधारणारी बाई, पण त्या शब्दातून एक माणूस निघतो की दोन, हे मलाही सांगता येईना. विचारता आलं असतं. हापशीवर नको ते बोलणारी मी, त्या वेळी मात्र मला विचारायचा धीर झाला नाही.

"सोमवारी," मी म्हणाले.

ते आत गेले आणि माळ्यावरची मोठी पेटी खाली ओढू लागले. पेटीत माझी लुगडी गेली, पोरीचे झगे गेले. त्यांचे दोन सदरे मी न विचारता त्यावर ठेवले. त्यांनी ते पाहिले, आणि काढले नाहीत. शनिवारच्या बसनं आमच्याकडे येऊन रविवारच्या बसनं गावी परत जाणाऱ्या माणसाला तेवढे पुरतात.